गिरणी बंद पडली, बंधारा उभा आहे

तुमच्या पत्रातला मजकूर आधी थोडक्यात सांगते, म्हणजे इतर वाचकांनाही पेच कळेल. सहा वर्षांपूर्वी तुम्ही आणि तुमच्या दोन भावांनी ओढ्याकाठची एक बंद पडलेली जिनिंगची गिरणी जमिनीसकट विकत घेतली. गिरणी वाफेवर चालायची. बॉयलरला बारमाही पाणी हवं म्हणून जुन्या मालकाच्या आजोबांनी ओढा अडवला होता. मधे चुन्यातलं दगडी बांधकाम, दोन्ही अंगांना मातीचा भराव, उंची १४ फूट. खरेदीखतात शेड, चिमणी, विहीर, झाडं सगळं आहे, फक्त बंधारा नाही. गेल्या पावसाळ्यात डाव्या भरावाच्या पायथ्याशी ओल दिसू लागली आणि आता खालच्या अंगाच्या शेतकऱ्याने वकिलामार्फत नोटीस धाडली आहे: १५ दिवसांत बंधारा काढून टाका, नाहीतर तो फुटून जे नुकसान होईल ते भरून द्या. हे कळताच वरच्या अंगाचे चार शेतकरी दारात आले. त्यांचं म्हणणं, आमच्या विहिरी या पाण्यावर आहेत, बंधाऱ्याला हात लावलात तर कोर्टात खेचू. थोरला भाऊ म्हणतो, नोटीस मिळालीच नाही असं दाखवू. धाकटा म्हणतो, एका रात्रीत जेसीबी लावून मोकळं होऊ. तुम्ही मला विचारता, मुळात हा बंधारा आमचा आहे का?

प्रश्न रास्त आहे, पण त्याआधी मला दुसरंच काही विचारायचंय. नोटीस तुमच्या हातात कोणत्या तारखेला पडली? तुमच्या सगळ्या प्रकरणाचा खिळा त्या तारखेवर आहे. तोवर तुम्ही एक जुनी मिळकत घेतलेले, फारसं काही ठाऊक नसलेले मालक होतात. त्या दिवसापासून 'मला माहीत नव्हतं' हे वाक्य तुम्हाला कायमचं बंद झालं. नोटीस परत पाठवूनही ते उघडत नाही, कारण योग्य पत्त्यावर पाठवलेलं रजिस्टर घ्यायला नकार दिला तर ते मिळालं असंच कोर्ट धरतं. थोरल्या भावाला हे शांतपणे समजावून सांगा.

आता मालकी. खरेदीखतात शब्द नाही म्हणून बंधारा तुमचा नाही, असं होत नाही. जमिनीला कायमचं जोडलेलं बांधकाम जमिनीबरोबर जातं. वगळायचं असेल तर तसं लिहावं लागतं. भरावाची दोन्ही टोकं तुमच्या गटात आहेत, तळ्यातलं पाणी सोडायच्या मोरीची झडप तुमच्या कुंपणाच्या आत आहे, किल्ली तुमच्या खुंटीला आहे. कोर्ट हेच बघेल. ओढ्याचं पात्र मात्र वेगळं. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० प्रमाणे नद्या, ओढे, नाले यांची पात्रं आणि त्यातलं पाणी, कुणा खासगी मालकाचं सिद्ध होत नसेल तर, सरकारचं. म्हणजे दगडी भाग कदाचित सरकारी पात्रात आणि भराव तुमच्या जमिनीत उभा आहे. हे आत्ताच लक्षात ठेवा, बंधारा पाडायचा विषय निघेल तेव्हा लागेल.

सातबाऱ्यावर एक गोष्ट बघायला सांगते जी बहुतेक जण बघत नाहीत. पाण्याखालचं क्षेत्र 'पोटखराबा' म्हणून लावलेलं असेल. तो वर्ग 'अ' आहे की 'ब'? 'अ' म्हणजे नुसती लागवडीला नालायक जमीन. 'ब' मध्ये इतर काही प्रकारांबरोबर असा ओढा किंवा तलाव येतो, ज्याचं पाणी धारकाशिवाय दुसरे लोक शेतीला, प्यायला किंवा घरखर्चाला वापरतात. 'ब' असेल तर वरच्या शेतकऱ्यांचं बोलणं नुसतं दारातलं भांडण उरत नाही, त्याला महसुली कागदाचा टेकू मिळतो. जुने फेरफार आणि 'इतर हक्क' हा रकानाही बघा.

जबाबदारीकडे येते. कायद्याच्या पहिल्या वर्षाला घोकावा लागतो तो 'रायलँड्स विरुद्ध फ्लेचर' हा खटला गिरणीच्याच तळ्याचा आहे, हे वकील झालेल्यांनाही पुष्कळदा आठवत नाही. लँकाशायरमधल्या रायलँड्स नावाच्या गिरणीमालकाने गिरणीला पाणी पुरावं म्हणून तळं बांधून घेतलं. इंजिनिअर, कंत्राटदार सगळे रीतसर नेमले. खोदताना जुन्या, मातीने बुजलेल्या खाणीच्या विहिरी लागल्या, त्या कंत्राटदाराने नीट बंद केल्या नाहीत. ११ डिसेंबर १८६० ला तळ्याचं पाणी त्या वाटेने शेजारच्या फ्लेचरच्या कोळशाच्या खाणीत घुसलं. मालकाची स्वतःची चूक कुणी दाखवू शकलं नाही. तरी १८६८ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या इंग्लंडच्या सर्वोच्च कोर्टाने, त्याला जबाबदार धरलं. आपल्या फायद्यासाठी धोक्याची वस्तू जमिनीवर आणून साठवली आणि ती सुटून शेजाऱ्याचं नुकसान झालं, तर चूक असो वा नसो, भरून द्या.

तुमच्या खालच्या शेजाऱ्याच्या वकिलाने नोटिशीत याच खटल्याचा दाखला दिलाय. त्याने न दिलेला दाखला मी देते. १८७४ साली प्रिव्ही कौन्सिलपुढे, म्हणजे ब्रिटिश काळात आपल्याकडची अपिलं शेवटी जिथे जात त्या लंडनमधल्या कोर्टापुढे, मद्रास रेल्वे कंपनी आणि कार्वेटनगरच्या जमीनदाराचा वाद आला. अतिवृष्टीत जमीनदाराचे तलाव फुटले, रेल्वेचं नुकसान झालं. कौन्सिलने रायलँड्सचा नियम लावायला नकार दिला. हे तलाव परंपरेने चालत आलेले आहेत, हजारो लोकांची शेती त्यांवर आहे, ते राखणं हे जमीनदाराचं कर्तव्य आहे आणि मनात आलं म्हणून तो ते मोडू शकत नाही, तेव्हा निष्काळजीपणा दाखवल्याशिवाय त्याला धरता येणार नाही. म्हणजे बघा, वरचे चार शेतकरी ज्या गोष्टीवरून तुम्हाला दम देताहेत, तीच तुमची ढाल होऊ शकते. बंधारा आता गिरणीसाठी नाही, लोकांसाठी आहे, असं म्हणायला तुम्हाला जागा आहे.

पण ही ढाल अर्धी आहे. निष्काळजीपणा नसेल तरच ती चालते. आणि तो सिद्ध करायला शेजाऱ्याला फार घाम गाळावा लागणार नाही. पंजाब सरकार विरुद्ध मॉडर्न कल्टिव्हेटर्स या कालवाफुटीच्या खटल्यात (ए.आय.आर. १९६५ सुप्रीम कोर्ट १७) सर्वोच्च न्यायालयाचा रोख सरळ होता: नीट राखलेला कालव्याचा काठ आपोआप फुटत नाही. फुटला, याचाच अर्थ कुठेतरी हयगय झाली. तशी झाली नाही हे कालवा ज्याच्या ताब्यात आहे त्याने दाखवायचं. कालव्याच्या जागी तुमचा बंधारा ठेवून हेच वाचा.

'पण बांधला आम्ही नाही' असंही तुम्ही लिहिलंय. त्यावर इंग्लंडचा एक खटला ऐका: सेडली-डेनफिल्ड विरुद्ध ओ'कॅलाघन, १९४०. दुसऱ्याच कुणीतरी खंदकात परवानगीशिवाय नळ टाकला होता आणि कचरा अडवणारी जाळी चुकीच्या जागी बसवली होती. जमीनमालकाच्या माणसाला ते दिसत होतं, त्याने काही केलं नाही. मोठ्या पावसात नळ तुंबला आणि शेजाऱ्याकडे पाणी शिरलं. मालकच जबाबदार ठरला, कारण दुसऱ्याने निर्माण केलेला उपद्रव माहीत असून चालू ठेवणं हेही उपद्रव करणंच. इंग्लंडचे निवाडे आपल्या कोर्टांना बांधील नाहीत, पण या विषयात ते आदराने वाचले जातात. म्हणून मी पुन्हा पुन्हा तारखेकडे येते.

'देवाची करणी' हा बचाव लोकांना फार आवडतो. १८७६ च्या निकोल्स विरुद्ध मार्सलँडमध्ये तो चाललाही होता, कुणाच्या आठवणीत नव्हता असा पाऊस आणि मालकिणीची कसलीच हयगय नाही म्हणून. १९१७ मध्ये ग्रीनॉक नगरपालिकेच्या खटल्यात, ओढ्याची वाट बदलून मुलांसाठी तळं केलेलं असताना, तो चालला नाही. अलीकडे दर दोन-तीन वर्षांनी 'ऐतिहासिक' पाऊस पडतो, तेव्हा न्यायाधीशांसमोर तो शब्द जरा जपूनच वापरावा.

आता त्या ओलीकडे, कारण निम्मा खटला तिथेच आहे. तुम्ही पाठवलेला फोटो मी मोठा करून पाहिला. भरावाच्या पायथ्याशी ताटाएवढी जागा, भोवती हिरवंगार गवत आणि मधोमध बारीक रेतीचं गोल वारूळ, त्याच्या टोकातून पाणी उकळी फुटल्यासारखं वर येतंय. नुसती ओल जुन्या मातीच्या भरावाला असतेच. पाझरणारं पाणी नितळ असेल तर दोन-चार दिवस झोप लागायला हरकत नाही. गढूळ असेल तर ते पाणी भरावाच्या पोटातली माती घेऊन बाहेर येतंय. आतमध्ये उंदराच्या बिळासारखी पोकळ नळी तयार होत जाते, वर सगळं जसंच्या तसं दिसतं, आणि मग एका रात्रीत भराव बसतो. तुम्ही एक करा. काचेच्या स्वच्छ बाटलीत ते पाणी भरा, तारीख-वेळ लिहून चिठ्ठी चिकटवा, रात्रभर हलवू नका. सकाळी तळाशी नखाएवढा थर दिसला तरी मला फोन करण्याआधी इंजिनिअरला करा. रोज एक बाटली. पंचांच्या सह्या घेतल्यात तर उत्तम. पुढे ही रांगेने मांडलेली बाटल्यांची ओळ कोर्टात कुठल्याही शपथपत्रापेक्षा जास्त बोलेल, तुमच्या बाजूने किंवा विरुद्ध.

'एवढासा तर बंधारा' असं धाकट्याचं मत दिसतं. हिशेब करा. एक हेक्टर पाणी आणि सरासरी खोली फक्त दीड मीटर धरली तरी १५,००० घनमीटर, म्हणजे दीड कोटी लिटर, म्हणजे १५,००० टन. १६ मे १८७४ ला अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या मिल नदीवर गिरणीमालकांनी मिळून बांधलेलं धरण फुटलं, १३९ माणसं गेली. ते तुमच्या बंधाऱ्याच्या तिप्पट उंच होतं. पण १४ फुटांचं पाणीही खालच्या वस्तीत रात्री दोनला शिरलं तर कुणी उंची विचारत बसत नाही.

धरण सुरक्षा कायदा, २०२१ तुम्हाला लागू नाही. तो १५ मीटरहून उंच धरणांना लागतो, आणि १० ते १५ मीटरमधल्यांना लांबी, साठा, पूर विसर्ग अशा काही अटी बसल्या तरच. तुमचा बंधारा साडेचार मीटरही भरत नाही. त्यामुळे सरकारी तपासणी, दरवर्षीचा अहवाल, काही नाही. यावरून 'आपल्याला कायदाच नाही' असा अर्थ काढू नका. मोठ्या धरणाच्या मालकाकडे निदान दाखवायला तपासणीची फाइल असते. तुमच्याकडे तीही नाही, ती तुम्हालाच तयार करावी लागणार. तपासणारा इंजिनिअर स्थापत्यातला आणि मातीच्या भरावाचं काम केलेला असावा. घराचे प्लॅन पास करून देणारा नको. अहवालात त्याने सांडव्याची, म्हणजे जादा पाणी बाहेर जायच्या वाटेची, क्षमता, मोरीची झडप, दगडी भागाच्या दरजा, भरावातली बिळं आणि झाडं यांवर स्वतंत्र लिहावं. झाडांचं विशेष सांगते. भरावावरचं मोठं झाड उत्साहाने मुळासकट उपटू नका. खड्डा पडतो, आणि नुसतं तोडलं तर मुळं कुजून आत पाण्याला वाट होते. इंजिनिअरला विचारूनच करा.

सांडव्यावर वाळूची पोती आहेत का, हेही बघून कळवा. हे मी उगाच विचारत नाही. माझ्या एका अशिलाचा बंधारा तीन वर्षं सुखाने उभा होता. चौथ्या वर्षी कुणीतरी जास्त पाणी साठावं म्हणून सांडव्यावर दोन थर पोती रचली, पहिल्याच मोठ्या पावसात पाणी भरावावरून गेलं आणि भराव वाहून गेला. पोती कुणी ठेवली हे आजतागायत सिद्ध झालेलं नाही. नोटिशी मात्र सगळ्या माझ्या अशिलालाच आल्या. पोती असतील तर फोटो काढा, काढून टाका, आणि तसं वरच्या चौघांना लेखी कळवा.

त्या चौघांचा हक्क किती? सगळ्यांचा सारखा नाही, आणि हे त्यांना कुणी सांगितलेलं दिसत नाही. 'आमच्या विहिरींना पाझर लागतो' हा दावा कायद्यात लंगडा आहे. भारतीय सुविधाधिकार कायदा, १८८२ चं कलम १७ स्पष्ट सांगतं की ठरावीक प्रवाहात न वाहणाऱ्या भूगर्भातल्या पाण्यावर वहिवाटीने हक्क मिळत नाही. पण ज्याने तळ्यात थेट मोटर टाकलीय किंवा पाट काढलाय, त्याचं निराळं. त्याने २० वर्षं उघडपणे, शांततेने, अखंड आणि हक्क म्हणून पाणी घेतलं असेल, आणि ती मुदत दाव्याच्या आधीच्या दोन वर्षांच्या आत संपत असेल, तर कलम १५ त्याच्या बाजूने उभं राहतं. 'हक्क म्हणून' हा शब्द कळीचा आहे. गिरणीमालकाच्या परवानगीने पाणी घेतलं असेल तर कितीही वर्षं झाली तरी तो हक्क होत नाही. गिरणीच्या जुन्या दप्तरात पाणीपट्टीच्या पावत्या, अर्ज, चिठ्ठ्या सापडतात का बघा. अशी दप्तरं बहुधा रद्दीत जातात. तुमचं गेलं नसेल अशी आशा करते.

आणि हक्क सिद्ध झालाच तर पुढचंही वाचायला सांगा त्यांना. त्याच कायद्याच्या कलम २७ प्रमाणे, हक्क भोगणाऱ्याच्या फायद्यासाठी काही करायला तुम्ही बांधील नाही. कलम २५ प्रमाणे तो हक्क टिकवायला लागणाऱ्या कामाचा, डागडुजीचा खर्च हक्क भोगणाऱ्याचा. माझ्या अनुभवात हे वाचून दाखवल्यावर दारातला आवाज एकदम खाली येतो आणि वर्गणीची भाषा सुरू होते. तीच हवी आहे. त्यांना शत्रू करू नका. खर्चात वाटा आणि सांडव्याला हात न लावण्याची हमी, असा लेखी करार करून घ्या.

जेसीबीचा विषय. नाही. भरलेल्या तळ्याचा बंधारा रात्री फोडला तर खालच्या शेतात पूर तुम्ही स्वतः सोडलेला असेल. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२६ मध्ये पूर आणून केलेलं नुकसान हा वेगळा गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा. माणूस दगावला तर आणखी गंभीर. शिवाय पात्र सरकारी असण्याची शक्यता मी वर सांगितलीच. पाडायचाच झाला तर जिल्हाधिकारी कार्यालय आणि जलसंधारण विभागाला अर्ज करून, पाणी उतरवून, गाळाची व्यवस्था करून, उन्हाळ्यात. तेही इंजिनिअरने 'दुरुस्ती शक्य नाही' असं लिहून दिल्यावर.

तोवर पाण्याची पातळी खाली आणा. निम्मा धोका तिथेच उतरतो, आणि वरच्यांचं पाणी पूर्ण तुटतही नाही. पण सावकाश. महिनोन्‌महिने भिजलेला मातीचा भराव पाणी झटकन उतरलं की आतल्या ओलाव्याच्या दाबाने तळ्याच्या अंगाला घसरतो. दिवसाला किती उतरवायचं ते इंजिनिअरकडून लिहून घ्या. खालच्या शेजाऱ्याला आधी कळवा. झडप गंजून बसली असेल तर पहारीने जोर लावू नका, अर्धी उघडून अडकलेली झडप हा नवाच ताप असतो.

नोटिशीला उत्तर १५ दिवसांच्या आतच जाऊ द्या. त्यात 'बंधारा आमचा नाही' लिहू नका, उद्या खोटं ठरेल. 'बंधारा पूर्ण सुरक्षित आहे' असंही लिहू नका, ते तर बाटलीच खोडून काढेल. असं लिहा: 'आमच्या हक्कांना बाध न येता कळवतो की, आपली नोटीस मिळाली. आम्ही तज्ज्ञ इंजिनिअरमार्फत पाहणी सुरू केली आहे, पाण्याची पातळी टप्प्याटप्प्याने कमी करत आहोत, अहवालाची प्रत आपणास देऊ. आपल्या जमिनीतून पाहणीसाठी येण्यास संमती द्यावी. रात्री-अपरात्री संपर्कासाठी क्रमांक कळवावा.' शेवटचं वाक्य वकील मंडळी गाळतात. तुम्ही गाळू नका.

शेजारी यावर थांबला नाही तर त्याच्यापुढे दोन वाटा आहेत. दिवाणी कोर्टात मनाई आणि आदेशात्मक हुकूम मागणं. किंवा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १३३ खाली, प्रांताधिकाऱ्याकडे जाणं. कोसळून माणसांना इजा होईल अशा स्थितीतलं बांधकाम दुरुस्त करायचा, आधार द्यायचा किंवा काढायचा सशर्त आदेश तिथे मिळतो, आणि असा रीतसर आदेश दिवाणी कोर्टात आव्हानाखाली येत नाही. खरं सांगू? अहवाल वाईट आला तर तुम्हीच प्रांतांना लेखी कळवा. वरचे 'हात लावू नका' म्हणताहेत, खालचे 'काढा' म्हणताहेत, अशा वेळी सरकारी आदेश हाती असणं तुमच्याच फायद्याचं.

पैसे नाहीत, असं तुम्ही पत्राच्या शेवटी बारीक अक्षरात लिहिलंय. इंग्लंडच्या लीकी विरुद्ध नॅशनल ट्रस्ट (१९८०) या निवाड्यात, टेकडी आपोआप घसरण्यासारख्या नैसर्गिक धोक्यात, मालकाने वाजवी तेवढंच करायचं आणि वाजवी किती हे त्याची ऐपत बघून ठरवायचं, असं म्हटलंय. बांधलेल्या बंधाऱ्याला ते जसंच्या तसं लागणार नाही, पण पातळी उतरवणं, पोती काढणं, शेजाऱ्याला सावध करणं याला ऐपत लागत नाही. एवढंही न करणाऱ्याची ऐपत कुणी विचारत नाही. आणि तिघे भाऊ मालक असल्याने शेजारी पूर्ण रक्कम तुमच्यापैकी कुणा एकाकडूनही वसूल करू शकतो, हेही घरात बोलून ठेवा.

विकणाऱ्याशी भांडण नंतरचं. गळती त्याला ठाऊक होती आणि उन्हाळ्यात खरेदी करून तुम्हाला ती दिसणं शक्य नव्हतं, हे दाखवता आलं तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५५ उपयोगी पडेल. त्याला आत्ताच पत्र पाठवून जुने नकाशे आणि दुरुस्तीच्या नोंदी मागवा. भांडणाचा सूर त्यात नको.

मला भेटायला याल तेव्हा खरेदीखत, तिन्ही गटांचे सातबारे, मोजणीचा नकाशा, बाटल्यांचे फोटो घेऊन या. नोटीस पाकिटासकट आणा. पाकीट फाडून टाकलं असेल तर केरात शोधा, त्यावर पोस्टाचा शिक्का आहे.